ठाणं, अंमल, मालकी: कोकण किनाऱ्याच्या युद्धखेळात मुलूख जिंकण्याचे नियम

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणचा एक गट शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या कोकणावर पटावरचा युद्धखेळ बनवतोय. नकाशा वसईपासून तेरेखोलपर्यंत, मुलखांत वाटलेला. ताब्याचा नियम एकच: फेरीअखेर मुलखात ज्याची सोंगटी उभी, मुलूख त्याचा. पण खेळायला बसलं की घोडदळाची एकच तुकडी चार मुलूख रंगवून परत येते, तेच मुलूख दर फेरीला हात बदलतात, आणि जंजिरा दुसऱ्या वर्षीच पडतो. नियम कसे बदलावेत?

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. तुमचा नियम रिस्क या पटावरच्या युद्धखेळातून आलेला दिसतो, आणि रिस्कमध्ये तो चांगला चालतो. पण तिथे त्याला एक जोडनियम आहे: ४२ मुलखांपैकी एकही रिकामा ठेवता येत नाही, जिंकलेल्या मुलखात किमान एक सैन्य बसवावंच लागतं. तुम्ही पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडला. मग घोडदळ पुढे गेल्यावर मागे रंग तेवढा राहतो, माणूस कोणीच राहत नाही. डिप्लोमसी या १९५९च्या खेळात यावर वेगळा तोडगा आहे. तिथल्या ३४ पुरवठा-केंद्रांची मालकी फक्त शरद ऋतूतल्या चालीनंतर बदलते. वसंतात कोणी तिथून जाऊन आला तरी केंद्र जुन्याच मालकाकडे राहतं. तुम्हाला या दोन्ही गोष्टी लागणार आहेत. माणूस बसवल्याशिवाय ताबा नाही, आणि ठरलेल्या वेळेआधी ताबा नाही.

त्यासाठी मुलखाची एकच अवस्था न ठेवता तीन ठेवा. पहिली वावर: फौज मुलखात आहे, एवढंच. वावरानं शत्रूचा वसूल अडतो, पण तुमच्या पदरात काही पडत नाही. दुसरी अंमल: मुलखात तुमचं ठाणं बसलंय, अर्धा सारा तुम्हाला. तिसरी मालकी: तहात मुलूख तुमच्या नावावर आला. पूर्ण सारा, शिबंदीची भरती आणि पूर्ण गुण, हे तिन्ही फक्त मालकीला. साऱ्याचे आकडे २, ४, ६ असे समच ठेवा, म्हणजे अर्धा करताना पटावर वाद होत नाहीत.

आता वर्ष. वर्षाच्या चार फेऱ्या करा: आश्विन ते मार्गशीर्ष, पौष ते फाल्गुन, चैत्र ते ज्येष्ठ, आणि चौथी आषाढ ते भाद्रपद. पहिल्या तीन मोहिमेच्या, चौथी पावसाची. पावसाच्या फेरीत कोणी हलत नाही, समुद्र बंद, घाट बंद. ताब्याची सगळी तपासणी या चौथ्या फेरीच्या शेवटी, वर्षातून एकदाच. कोकणावरच्या खेळात पाऊस नुसता चालीचे आकडे कमी करायला वापरला तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. मृगाआधी फौज घाटावर न्यायची की इथेच कोकणात छावणी करायची, हा वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय असायला हवा, आणि ताबा त्या निर्णयाला बांधला की रंगवारंगवी आपोआप थांबते.

ठाणं बसवण्याचा नियम असा ठेवा. प्रत्येक मुलखावर १ ते ३ असा एक आकडा छापा, त्याला पकड म्हणू. गुहागरसारख्या मुलखाला १, चिपळूण किंवा राजापूरला २, वसई किंवा साष्टीला ३. मोहिमेच्या कोणत्याही फेरीअखेर तुमच्या फौजेचं वजन पकडीइतकं किंवा जास्त असेल, शत्रूची मोकळी फौज तिथे नसेल आणि रसदेची वाट सलग असेल, तर ठाणं बसवता येतं. पायदळाच्या एका तुकडीचं वजन १, घोडदळाच्या दोन तुकड्यांचं मिळून १. लढाईत घोडदळ पूर्ण धरा, पण भातखाचरं, खाड्या आणि रान यांच्या मुलखात ठाणं राखायला घोडा अर्धाच.

ठाणं बसवायचं म्हणजे पायदळाची एक तुकडी पटावरून उचलून डब्यात ठेवायची आणि तिच्या जागी ठाण्याची चकती ठेवायची. ती तुकडी परत मिळत नाही, तिची माणसं आता चौक्यांवर बसलीत असं समजा. चकतीची एक बाजू कच्ची, दुसरी पक्की. बसवताना कच्ची वर. पावसाची फेरी संपली, चकती जागेवर असली, तर उलटून पक्की करा आणि तेव्हापासून अंमल मोजा. सगळ्या नियमांचं मर्म या तुकडी खर्च करण्यात आहे. जिंकलेला प्रत्येक मुलूख फौजेतून एक पायदळ खातो, म्हणून जिंकणारा जिंकता जिंकता अशक्त होतो आणि कुठे थांबायचं हे त्याला स्वतःला ठरवावं लागतं. चाचणीत खेळाडू या नियमावर कुरकुर करतील. तुकडी परत द्या, निदान ठाणं मोडताना तरी द्या, असं म्हणतील. देऊ नका. परत दिलीत की ठाणी उचलून पुढे नेण्याचा खेळ सुरू होतो आणि तुम्ही पहिल्या ठिकाणी परत येता.

शत्रूच्या घोडदळाच्या नुसत्या धाडीला ठाणं एका तुकडीइतका प्रतिकार करतं. पायदळ चालून आलं तर चकती सरळ काढून घ्या, लढाईचा फासा टाकायची गरज नाही. रसदेची वाट म्हणजे स्वतःच्या अंमलातल्या मुलखांतून सलग जाणारा रस्ता, लांबी जास्तीत जास्त ४, त्यात कुंभार्ली, आंबा, फोंडा असा कोणताही घाट २ धरायचा. किंवा स्वतःच्या बंदरातून गलबतांनी. ठाणं पक्कं करण्यासाठी वाट पावसाच्या आधी, ज्येष्ठाच्या शेवटी मोजायची. पावसात घाट बंदच असतात, तेव्हा मोजलीत तर कोणाचंच ठाणं पक्कं होणार नाही.

कोकणात देशमुख, देसाई, खोत यांना वगळून अंमल बसत नाही, पण त्यासाठी वेगळी पत्त्यांची गड्डी नको. दोन पर्याय पुरतात. कौल, म्हणजे अभयाचं वचन, दिला तर पकड १ ने कमी होते (१ च्या खाली नाही), बदल्यात पहिल्या वर्षीचा सारा माफ. लूट केली तर लगेच २ मोहरा, पण मुलखावर ‘उजाड’ चकती येते: यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा सारा शून्य, आणि चकती असेपर्यंत लुटणाऱ्यासाठी पकड १ ने जास्त. ज्याला राहायचंय तो कौल देईल, ज्याला नुसतं शत्रूचं नुकसान करून वर जायचंय तो लुटेल. घोडदळाला इथे त्याचं खरं काम मिळतं.

आता किल्ले. तुमच्या नकाशात किल्ला हा मुलखाचा एक गुण आहे, ‘मुरूड, किल्ला +३’ असा. तो वेगळा काढा. मुलखाला लागून पण मुलखाबाहेर एक चौकट आखा, तिचा ताबा वेगळा मोजा. मुरूड आणि राजपुरीच्या आसपासचा मुलूख मराठ्यांच्या फौजांनी पुन्हापुन्हा दाबला, तरी जंजिरा सिद्दीकडेच राहिला, थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. उलट बाजूनं विजयदुर्ग पाहा. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांची फौज जमिनीवरून आली होती आणि वॉटसन-क्लाइव्हचं इंग्रज आरमार समुद्रातून. किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि त्यांनी तो सोडायला खळखळ केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या तहानं किल्ला पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. किल्ला एकाकडे आणि भोवतालचा मुलूख दुसऱ्याकडे, ही अवस्था या किनाऱ्यावर नेहमीची. तुमच्या पटावर ती दाखवताच येत नसेल तर खेळ कोकणाचा राहत नाही.

प्रत्येक किल्ल्याला तीन आकडे: तट, शिबंदी, शिधा. तट १ ते ४, शिबंदी १ ते ३, शिधा २ ते ५. शत्रूचा किल्ला मुलखात असेल आणि त्याला वेढा नसेल तर मुलखाची पकड १ ने वाढते, कारण शिबंदी बाहेर पडून ठाण्याला सुखानं बसू देत नाही. वेढ्याला किमान शिबंदीपेक्षा १ जास्त वजन लागतं, आणि ते पायदळाचंच. हल्ला करायचा तर एक फासा टाका, त्यात वेढ्याचं वजन मिळवा. बेरीज तटाच्या दुपटीत शिबंदी मिळवून येणाऱ्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर किल्ला पडला. नाही तर हल्ला करणाऱ्याची एक तुकडी गेली. तोफांची सोंगटी असेल तर फासा टाकताना तट १ ने कमी धरा. पण तोफा घाट उतरायला दोन फेऱ्या लागतात, किंवा त्या जहाजातून आणाव्या लागतात. बेलदारांची सोंगटी वेढ्यात पूर्ण एक फेरी राहिली तर सुरुंगानं तट १ ने कायमचा उतरतो. सुरुंग फक्त जमिनीला जोडलेल्या किल्ल्याला. वसईला १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग उडवून तट फोडला. सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्याला चारी बाजूंनी पाणी, तिथे खणणार कुठून?

वसईवरून आणखी एक नियम निघतो, तो विसरू नका. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी अटी ठरवून किल्ला खाली केला, शिबंदी शस्त्रांसह आणि मानानं बाहेर पडली. तशी सोय खेळात असली पाहिजे. शिधा १ वर आला किंवा तट एकदा उतरला की दोघांपैकी कोणीही बोलणी काढू शकतो. बोलणी जमली तर शिबंदी जवळच्या स्वतःच्या बंदरात जाते, किल्ला आहे त्या तटासह नव्या मालकाला मिळतो. हल्ल्यानं घेतला तर शिबंदी मरते, घेणाऱ्याला ३ मोहरा लूट, पण तट आणखी १ ने कमी होतो आणि जिंकूनही त्याची एक तुकडी जाते. दोघांनाही बोलायला कारण मिळतं. फितुरीचा नियम बरेच जण मागतात. मी तो ठेवणार नाही. एका फाशावर तीन वर्षांचा वेढा निकालात निघाला की हरणारा खेळाडू पट सोडून चहा प्यायला उठतो.

पाण्यातल्या किल्ल्याचं गणित शिध्यावर चालतं. समुद्राकडून नाकेबंदी नसेल तर जमिनीवर कितीही फौज बसवा, शिधा कमी होत नाही. नाकेबंदी म्हणजे किल्ल्याच्या समुद्र-चौकटीत फेरीअखेर तुमचं आरमार आणि शत्रूचं नसणं. तशी प्रत्येक फेरी शिधा १ ने उतरवते. ज्येष्ठाच्या शेवटी नाकेबंदी चालू असेल तर पावसाची फेरीही १ खाते, कारण तेव्हा बाहेरून काही येऊच शकत नाही. पण पावसात आरमाराला बंदरात जावं लागतं, नाकेबंदी उठते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होतो तेव्हा, म्हणजे आश्विनाच्या फेरीत, समुद्रावरची पहिली चाल किल्लेदाराच्या बाजूची. तिनं शिध्याची एक खेप आणली तर शिधा पुन्हा पूर्ण.

हे मांडून पाहा. शिधा ३ असलेला किल्ला पौषात नाकेबंदीत सापडला तर पौष, चैत्र आणि पाऊस मिळून शिधा संपतो, आश्विनात खेप येण्याआधीच तो बोलणी करेल. तोच वेढा एक फेरी उशिरा, चैत्रात सुरू केला तर पावसाअखेर १ उरतो, समुद्र खुला होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. जंजिऱ्याला शिधा ५ द्या. आश्विनापासून नाकेबंदी केलीत तरी तीन फेऱ्या आणि पाऊस मिळून ४ जातात, १ उरतो, खेप येते. एका वर्षात जंजिरा पडणं हिशेबानंच अशक्य होतं, ‘जंजिरा अजिंक्य’ असा खास नियम लिहावा लागत नाही. तुमच्या खेळात तो दुसऱ्या वर्षी पडतो याचं कारण तुम्ही त्याला फक्त तट दिला, पोट दिलं नाही.

मग जंजिऱ्यावर उपाय काय? शेजारी बसणं. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याजवळ पद्मदुर्ग बांधला तो याच कारणानं. शेजारच्या चौकटीत तुमचा किल्ला किंवा बंदर असेल तर तुमचं आरमार पाऊसभर तिथेच राहतं आणि आश्विनातली पहिली खेप अडवू शकतं: फासा टाका, ४ ते ६ आला तर खेप बुडाली. ओसाड बेट बांधून काढण्याचा नियम त्यासाठी हवाच. एक पायदळ आणि गलबतांची एक सोंगटी बेटावर पूर्ण एक फेरी राहिली की अर्धी तटबंदी (तट १), दुसऱ्या फेरीअखेर पूर्ण (तट २). सारा नाही, गुण फक्त १, पण शेजारच्याचा श्वास अडतो. १६७९ मध्ये खांदेरीवर मराठे उतरले तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली ती याचमुळे. त्यांच्या आरमारानं बेटाला घेर घातला, तरी मराठ्यांच्या हलक्या होड्या समोरच्या किनाऱ्यावरून सामान पोचवत राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि दोन शत्रू हाकेच्या अंतरावर समोरासमोर बसले. म्हणून आणखी एक ओळ नियमात घाला: बेटासमोरचा किनारा स्वतःच्या अंमलात असेल तर नाकेबंदीतही दर फेरीला खेपेचा एक फासा, ५ किंवा ६ ला शिधा १ ने वाढतो.

आरमाराला पावसाळी बंदर नसेल तर पावसाच्या फेरीत त्याची एक सोंगटी जाते. दुसऱ्याच्या बंदरात थांबता येतं, त्याची परवानगी असेल तर. सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात पावसाळा काढायचं आणि इंग्रजांना ते ना धड आवडायचं ना धड नाकारता यायचं. खेळाडूंना यावर सौदे करू द्या, नियम करू नका. समुद्राच्या चौकटी मात्र कोणाच्याच मालकीच्या ठेवू नका. फाल्गुनअखेर ज्याचं आरमार जिथे उभं, त्याला त्या चौकटीचा दस्तकाचा (जहाजांना दिलेल्या परवान्याचा) १ मोहरा, इतकंच.

खाड्यांबद्दल एक बाब सहसा सुटते. मुलखाचं उत्पन्न दोन भागांत छापा: सारा आणि जकात. सारा ठाण्याला मिळतो, जकात खाडीच्या तोंडावर ज्याचा किल्ला त्याला. खारेपाटण घेतलंत पण विजयदुर्ग दुसऱ्याकडे असेल तर खारेपाटणची जकात त्याची. सावित्रीच्या तोंडावर बाणकोट, शास्त्रीच्या तोंडावर जयगड, वाशिष्ठीच्या तोंडावर अंजनवेलचा गोपाळगड, सगळीकडे हाच हिशेब. एवढ्या एका फरकानं वरचा मुलूख धरणारा खाली तोंडाकडे ओढला जातो, आणि मोहिमा आपोआप नद्यांच्या वाटेनं चालतात.

एक वर्ष पूर्ण मांडून दाखवतो, आकडे तुमच्याच भागातले. हल्ला करणाऱ्याकडे पायदळ ६, घोडदळ २, आरमार नाही, तोफा आणि बेलदार नाहीत. समोर चिपळूण (पकड २, सारा ४, जकात २) आणि अंजनवेल (पकड १), तिथे गोपाळगड, तट ३, शिबंदी २, शिधा ३.

पहिल्या फेरीत कुंभार्ली उतरून चिपळूण. वजन ६ अधिक १, पकड २, ठाणं बसलं. पायदळ ५. दुसऱ्या फेरीत अंजनवेल. वेढ्याला ३ पायदळ लागतं, ते बसवलं, म्हणून पकड वाढत नाही, १ च राहते. उरलेलं वजन ३, ठाणं बसलं. पायदळ ४. तिसऱ्या फेरीत प्रश्न उभा राहतो. समुद्र मोकळा आहे, शिधा ३ चा ३. थांबून काही होणार नाही. चारही पायदळांनी हल्ला केला तर ८ हवेत, म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त, निम्मी शक्यता. समजा ३ पडला. पायदळ ३. घोडदळ मृगाआधी वर पाठवलं, नाहीतर कोकणात पाऊस काढताना घोडदळाची प्रत्येक सोंगटी एक तुकडी गमावते. पावसात वेढ्यात बसलेली फौजही छपराविना, एक तुकडी गेली, पायदळ २. आता वेढा मोडला, कारण ३ हवेत. अंजनवेलची पकड २ झाली, तिथलं वजन २, म्हणून ठाणं कसंबसं टिकलं. टिकलेलं ठाणं पावसाअखेर पक्कं झालंच, पण पुढच्या आश्विनात शिबंदी बाहेर पडली तर पहिला घाव त्यालाच.

वर्षअखेर हाती काय? चिपळूणचा अंमल, सारा २, जकात शून्य कारण खाडीचं तोंड शत्रूकडे. अंजनवेलचा डळमळीत अंमल. सहा पायदळांतली दोन उरली. हाच खेळाडू दुसऱ्या फेरीत अंजनवेलला न जाता चिपळूणला कौल देऊन, पाच पायदळ घेऊन, छपराखाली पाऊस काढता तर त्याचं काहीच मोडलं नसतं. त्यासाठी पक्कं किंवा कच्चं, पण स्वतःचं ठाणं असलेल्या आणि शत्रूचा किल्ला नसलेल्या मुलखात छावणी केलेल्या पायदळाला पावसाचा तोटा नाही, अशी सूट ठेवा.

एकाच मुलखात दोघांची पक्की ठाणी बसू देऊ नका, पण एकाचं पक्कं ठाणं आणि दुसऱ्याचा वेढ्याबाहेरचा किल्ला असं वर्षअखेर राहिलं तर दोघांनी आपसांत दुअमली ठरवावी: सारा अर्धा-अर्धा, आणि पुढचं वर्षभर त्या मुलखात कोणी हल्ला करायचा नाही. सिद्दी आणि मराठे यांच्यामधल्या महालांत असा वाटून वसूल चालत असे. खेळात हा नियम थकलेल्या दोन खेळाडूंना श्वास देतो.

मालकी फक्त तहानं, आणि तह फक्त पावसाच्या फेरीत. दोन्ही बाजूंनी पारडं मोजायचं: शत्रूचा हाती आलेला प्रत्येक किल्ला ३, शत्रूच्या मुलखावरचा प्रत्येक अंमल १. फरक निघेल तितकं ज्याचं पारडं जड त्यानं मागायचं. स्वतःच्या अंमलातला मुलूख मालकीत घ्यायला १, हाती असलेला किल्ला २, हाती नसलेला किल्ला ४. राजधानी मागता येत नाही. हाती नसलेला किल्ला मागायची सोय काढून टाकू नका. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख गेला, १२ किल्ले राहिले, आणि गेलेल्यांपैकी कितीतरी किल्ले लढून पडलेले नव्हते. मोठ्या पराभवाचं वजन फक्त ज्या किल्ल्याखाली फौज बसली त्याच्यापुरतं ठेवलं तर असा तह तुमच्या पटावर कधी होणारच नाही.

अंमल अमुक वर्षं टिकला की आपोआप मालकी, असा नियम सोपा वाटतो. तो घालू नका, मग बोलणीला कोणी बसत नाही. साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतली, आणि त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं १७८२ च्या सालबाईच्या तहात. मधली वर्षं तो नुसता अंमल होता, अर्ध्या गुणांचा.

दोघे मिळून एका शत्रूवर गेले तर वाटणी आश्विनाच्या आधी चिठ्ठीवर लिहून डब्याखाली ठेवायची: कोणता किल्ला कोणाचा. चिठ्ठी नसेल तर ज्याची सोंगटी किल्ल्यात शिरली त्याचा किल्ला, मुलूख ज्याचं ठाणं त्याचा. मित्राचा गेलेला मुलूख सोडवून दिला तर तो मित्राच्या मालकीत परत जातो, तुम्हाला त्या वर्षीचा सारा खर्चापोटी. हे लिहून ठेवलं नाहीत तर पहिली भांडणं इथे होतील.

शेवटच्या फेरीतली झडप ही अशा प्रत्येक खेळाची खोड. सगळे मोकळी फौज उधळून मुलूख झाकत सुटतात. यावर वेगळा नियम लागत नाही, फक्त खेळ ज्येष्ठात न संपवता पावसाच्या फेरीअखेर संपवा. छपराविना विखुरलेल्या तुकड्या गळतील, रसद तुटलेली ठाणी पक्की होणार नाहीत. गुण असे: मालकीचा मुलूख २, अंमलाचा १, किल्ला त्याच्या तटाइतका (बांधून काढलेल्या बेटाचा मात्र १ च).

बांधणीबाबत दोन गोष्टी. ठाण्याच्या चकत्या प्रत्येकाला १२ च द्या आणि नियमात लिहा की संपल्या की संपल्या. तेराव्या मुलखासाठी जुना सोडावा लागणं ही चांगली अडचण आहे. चकत्या २ मिलिमीटर जाड पुठ्ठ्याच्या, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेल्या करा आणि कडाही फेविकॉलनं बंद करा. नुसत्या कागद चिकटवलेल्या चकत्या जुलैच्या दमट हवेत वाकतात, आणि वाकलेली चकती कच्ची आहे की पक्की हे पटाच्या पलीकडून दिसत नाही. कच्च्या बाजूला पांढऱ्यावर रंगीत किनार, पक्क्या बाजूला भरलेला रंग, एवढा फरक ठेवला की पुरतो.